एकाच पऱ्हाटीवरची पांढरी माशी दर खेपेला नवं नाव सांगते, तेव्हा

तक्रार साधारण अशी येते. काटोलकडच्या एका कपाशीच्या शेतातून पांढऱ्या माश्या गोळा केल्या, डीएनए काढला, सीओआय जनुकाचा तुकडा पीसीआरने वाढवून, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाचायला पाठवला. उत्तर आलं, एशिया १, म्हणजे या माशीच्या अनेक छुप्या प्रजातींपैकी एक. पंधरा दिवसांनी शेतातल्या त्याच ओळीतल्या माश्या पुन्हा पाठवल्या, तर एशिया २-१. तिसऱ्या खेपेला एक नमुना जेनबँकेतल्या, म्हणजे डीएनए क्रमांच्या जागतिक साठ्यातल्या, कशाशीच नीट जुळेना, आणि दुसरा चक्क माशी नसून मित्रकीटक निघाला. मग विद्यार्थी डोळे चमकावत येतो: "मॅडम, नवी प्रजाती सापडली वाटतं."

नागपूरच्या ज्या छोट्या प्रयोगशाळेत मी काम करते तिथे हे नाटक जवळपास दर हंगामात होतं. ऑक्टोबरात सुरू होतं आणि थंडी पडेपर्यंत चालतं. प्रत्येकाला तोंडी समजावून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे कुणाला बोल लावण्याचा प्रश्न नाही.

आधी एवढं मान्य करू की गोंधळाला मूळ माशीच कारणीभूत आहे. बेमिसिया टॅबॅसी हे कपाशीवरच्या या माशीचं शास्त्रीय नाव मूळ वर्णनापासून पाहिलं तर १८८९ चं, ग्रीसमधल्या तंबाखूवरच्या माशीवरून दिलेलं. पुढे जगभर तिला वेगवेगळी नावं पडत गेली आणि १९५७ साली त्यातली बरीचशी एकाच नावाखाली गोळा झाली. कारणही सबळ होतं. पांढऱ्या माशीची ओळख प्रौढावरून नाही, कोषावरून पटवतात, आणि या माशीचा कोष यजमान पानाप्रमाणे रूप बदलतो. लवदार पानावर वाढलेल्या कोषाच्या पाठीवर केस येतात, गुळगुळीत पानावर येत नाहीत. आई एकच, पण वांग्यावरची लेक आणि दुसऱ्या एखाद्या तुळतुळीत पानावरची लेक सूक्ष्मदर्शकाखाली परक्या वाटतात. १९६३ साली हे दाखवून दिल्यावर केसांवर विश्वास ठेवणं थांबलं. गंमत म्हणजे आज उलटं झालंय. दिसायला सारख्या असलेल्या माश्यांत किमान चाळीसेक छुप्या प्रजाती दडल्या आहेत असं डीएनए सांगतो. एशिया १, एशिया २-१, एशिया २-७, मीम-१, मेड ही सगळी त्यांतली कामचलाऊ नावं. लॅटिन नावं बहुतेकींना मिळालेलीच नाहीत.

वेगळेपणाची रेघ कुठे ओढायची, तर सीओआयच्या ६५७ बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) तुकड्यात साडेतीन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर वेगळी प्रजाती, असा २०१० पासूनचा रूढ संकेत आहे. साडेतीन टक्के म्हणजे जेमतेम २३ बेस. हा आकडा भिंतीवर चिकटवून ठेवा. कारण क्रमाची सुरुवातीची आणि शेवटची पन्नासेक अक्षरं नीट कापली नाहीत आणि त्यात दहा-बारा चुकीची वाचली गेली, तर नवी प्रजाती व्हायचं अर्धं अंतर तुम्ही बसल्या जागी कापलेलं असतं.

पहिली कसोटी: तीच माशी, दुसऱ्यांदा

इथेच बहुतेक जण चुकतात. निकाल बदलला की लोक शेतात परत जातात आणि नव्या माश्या आणतात. त्याने काहीच सिद्ध होत नाही. एकाच शेतात, एकाच झाडावरही दोन छुप्या प्रजाती खरोखर एकत्र नांदू शकतात. भारतात एशिया १, एशिया २ गटातल्या अनेक आणि मीम-१ या सगळ्यांच्या नोंदी आहेत. मीम-१ तर १९९९ साली कर्नाटकात कोलारकडे टोमॅटोवर सापडली, तीही टोमॅटोवर रोग वाढला म्हणून शोध घेताना. तेव्हा दोन खेपांना दोन नावं निघणं म्हणजे चूकच, असं नाही.

म्हणून शेतात जाऊ नका, फ्रीजपाशी जा. त्याच माशीच्या उरलेल्या अर्कावर पुन्हा पीसीआर करा, जमल्यास वेगळ्या दिवशी, वेगळ्या हाताने. तीच माशी दोन वेळा दोन नावं सांगत असेल तर दोष टेबलावर आहे. वेगवेगळ्या माश्या वेगवेगळी नावं सांगत असतील पण प्रत्येक जण आपल्या नावाला चिकटून असेल, तर शेतच मिश्र आहे. बाकी सगळी तपासणी या एका उत्तरानंतर.

यासाठी दोन गोष्टी आधीच केलेल्या असाव्या लागतात. एक म्हणजे एका नळीत एकच माशी. मिलिमीटरभर जीव, डीएनए कमी मिळेल म्हणून पाच-पाच माश्या एकत्र चिरडायची सवय आमच्याकडेही होती. त्यातून क्रम नाही, खिचडी मिळते. दुसरं, अर्क संपवून टाकायचा नाही आणि माशीचं कवच फेकायचं नाही. चिरडण्याऐवजी प्रोटिनेज-केच्या द्रावणात रात्रभर भिजवली तर डीएनए निघतो आणि कवच शाबूत राहतं. ते स्लाइडवर चढवून ठेवा. पुढे वाद झाला तर दाखवायला हातात काहीतरी लागतं.

आमची का-१७ नावाची माशी, 'का' म्हणजे काटोल, या कसोटीत पहिल्याच फेरीत नापास झाली. पहिल्यांदा एशिया १, त्याच अर्कातून दुसऱ्यांदा एशिया २-१. म्हणजे शेताला निर्दोष सोडायचं आणि आपली झडती घ्यायची.

झडती

का-१७ चं पाप शेवटी कूलरच्या माथी निघालं, आणि हे नागपूरबाहेर कुणाला पटेल की नाही कोण जाणे. वऱ्हांड्याच्या खिडकीत मोठा डेझर्ट कूलर, ऑक्टोबर हीटमध्ये दिवसभर चालू. त्याच्या वाऱ्याच्या रेषेत आधी जेल चालवायचं, म्हणजे वाढवलेला डीएनए तपासायचं, टेबल आणि त्यापुढे पीसीआर भरायचं टेबल. जेलच्या टेबलावर आधीच्या महिन्यातल्या, म्हणजे वांग्यावर पाळलेल्या आमच्या एशिया १ च्या वसाहतीच्या उत्पादनांच्या नळ्या उघडायच्या. एका नळीत वाढवलेल्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती असतात. त्यातला एखादा सूक्ष्म थेंब वाऱ्यावर स्वार होऊन पुढच्या टेबलावर पडला, की एका माशीच्या तुटपुंज्या डीएनएला तो सहज दाबून टाकतो. ज्या दिवशी माशीचा अर्क चांगला होता त्या दिवशी खरं नाव आलं, ज्या दिवशी विरळ होता त्या दिवशी वाऱ्यावर आलेलं.

निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे माशीच्या डीएनएऐवजी नुसत्या पाण्याची नळी, होता का? होता. पण तो प्लेटच्या शेवटच्या घरात, सगळ्यात आधी झाकण लावलेला. असा कंट्रोल म्हणजे पाऊस थांबल्यावर उघडलेली छत्री. पाण्याची नळी सगळ्या नमुन्यांबरोबर उघडी ठेवा आणि शेवटी बंद करा. डीएनए काढतानाही एक रिकामी नळी सोबत चालवा, कारण घाण पीसीआरच्या आधी, अर्कातच शिरलेली असू शकते. त्यात पुसटशी पट्टी दिसली तरी अख्खी प्लेट बाद. 'फारच पुसट आहे, चालेल' हे वाक्य आमच्याकडे आता बंद आहे.

उपाय महागडे नाहीत. पीसीआर भरायची जागा वेगळ्या खोलीत नेली, नसेल खोली तर निदान कूलरच्या दुसऱ्या बाजूला. पिपेट वेगळे, टोकं फिल्टरवाली, एप्रन वेगळा. टेबल ब्लीचच्या पातळ द्रावणाने पुसायचं. नुसत्या अल्कोहोलने जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो.

उन्हाचा आणखी एक फटका नमुन्यांना बसतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीत असताना डिकीतल्या नळ्यांतलं अल्कोहोल उडून जातं आणि माश्या सुकून चिप्स होतात. नमुने ९५ टक्क्यांच्या वर शुद्ध इथेनॉलमध्ये, घट्ट झाकणाच्या नळीत, बर्फाच्या डब्यातून आणा आणि आल्यावर उणे वीसमध्ये ठेवा. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट चालत नाही. फॉर्मलिन तर नकोच. एकदा आमच्या एका मुलाने सदिच्छेने फॉर्मलिनमध्ये दोनशे माश्या आणल्या होत्या. दिसायला अतिशय सुंदर राहिल्या, डीएनए शून्य.

क्रोमॅटोग्रामकडे डोळ्यांनी बघा

पीक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कपाशी येते, पण इथे पीक म्हणजे क्रोमॅटोग्राममधलं, अर्थात क्रम वाचणाऱ्या यंत्राने काढलेल्या आलेखातलं, रंगीत शिखर. विद्यार्थी ते उघडतच नाहीत. कंपनीकडून आलेली अक्षरांची फाइल सरळ ब्लास्टला, म्हणजे जेनबँकेत जुळणारे क्रम शोधणाऱ्या साधनाला, चिकटवतात आणि वरचं पहिलं नाव वहीत उतरवतात.

अक्षरांची फाइल खोटं बोलू शकते, कारण जिथे दोन शिखरं एकावर एक आहेत तिथे यंत्र मुकाट्याने उंच शिखर निवडतं. सबंध क्रमभर जोडशिखरं दिसली तर नळीत दोन वेगळे डीएनए होते. सुरुवात स्वच्छ आणि मध्येच एका जागेपासून पुढे गोंधळ असेल तर दोन प्रतींपैकी एकीत अक्षर कमी-जास्त आहे. नुसतं शेवटी शेवटी पसरट झालं असेल तर घाबरू नका, तिथे वाचनच थकतं. प्रत्येक अक्षराच्या खात्रीचा गुणांक २० म्हणजे शंभरात एक चूक, ३० म्हणजे हजारात एक. २० च्या खालचं कापून टाका. आणि दोन्ही दिशांनी वाचा. एका दिशेने वाचलेल्या क्रमावर कुणी 'नवी प्रजाती' म्हणालं तर मी पुढचं ऐकत नाही.

ब्लास्टबद्दल एकच सांगते: पहिलं उत्तर म्हणजे निकाल नव्हे. जेनबँकेत लोकांनी जे नाव लिहून टाकलं ते तसंच राहतं. जुनी बायोटाइपची (उपप्रकारांची) नावं, चुकीची नावं, नुसतं 'बेमिसिया टॅबॅसी' एवढंच नाव, सगळं एका रांगेत दिसतं. आपला क्रम निवडक, तपासलेल्या संदर्भक्रमांबरोबर ठेवून नात्यांचं झाड (वंशवृक्ष) काढा आणि तो कुठल्या फांदीवर बसतो ते बघा.

माशीऐवजी मित्रकीटक

हा प्रकार सगळ्यात सोपा, म्हणून लवकर सांगते. पिल्लं किंवा कोष घेतले असतील तर त्यांच्या पोटात एन्कार्सिया किंवा एरेटमोसेरस या परजीवी मित्रकीटकांची अळी असू शकते. तिचा डीएनए तुमच्या प्रायमरला, म्हणजे कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणाऱ्या छोट्या डीएनए-धाग्याला, जास्त आवडला तर क्रम तिचा येतो. कोष काळपट पडला असेल तर तो बाजूला ठेवा, पण काळेपणाची वाट बघू नका. एरेटमोसेरसच्या बाबतीत तो तसा दिसत नाही, आणि कुठलाही असला तरी सुरुवातीला बाहेरून काहीच कळत नाही. रिकामे कोष असतील तर भोक बघा. माशी बाहेर पडली तर पाठ इंग्रजी टीच्या आकारात फाटलेली असते, मित्रकीटक पडला तर गोल भोक. पानावर गोल भोकं बरीच असतील तर त्या पानावरच्या कोषांवर काम करू नका, प्रौढ माश्या घ्या. सकाळी सात-साडेसातला, ऊन चढायच्या आत, शेंड्याकडच्या पानांच्या खालच्या बाजूने चोषक नळीने ओढा. तेव्हा त्या सुस्त असतात.

याच्याच जवळचा दुसरा घोटाळा म्हणजे वोल्बॅकिया. कीटकांच्या पेशींत राहणाऱ्या या जिवाणूचाही सीओआय असतो आणि सर्रास वापरला जाणारा फोल्मरचा प्रायमरसंच कधीकधी तोच वाढवतो. ब्लास्टमध्ये जिवाणू आला तर अर्क फेकू नका, प्रायमर बदला.

आणि शेतातून परत येताना संत्र्याच्या बागेत थांबला असाल तर नळ्या वेगळ्या ठेवा. कोळशी (पानांवरची काळी बुरशी) आणणारी काळी माशी ही याच कुळातली, पण बेमिसियाशी तिचा काही संबंध नाही. आमच्या एका 'अत्यंत वेगळ्या' नमुन्याचं रहस्य एवढंच होतं.

का-२९, अर्थात आमची नवी प्रजाती

आता मुद्द्याचं. का-२९ ही प्रौढ माशी होती, एकटी होती, तिची शिखरं स्वच्छ होती. दोन वेळा केलं, दोन्ही वेळा तोच क्रम. कुठल्याही ज्ञात गटापासून पाच टक्के लांब. पहिली कसोटी पास झाली होती, कूलर हलवला होता. आम्ही नागपुरातल्या नागपुरात पेढे नाही, संत्रा बर्फी वाटली.

चूक दोन पायऱ्यांची होती. सीओआय हे प्रथिन घडवणारं जनुक, त्यामुळे त्याचा क्रम तीन-तीन अक्षरांत वाचला तर मध्येच 'थांबा' असा संकेत यायला नको. आम्ही तपासलं होतं. पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ता क्रमांक १ निवडलेला होता, म्हणजे प्रमाण जनुकीय संकेत. त्यात टीजीए म्हणजे थांबा. कीटकांच्या मायटोकाँड्रियात, म्हणजे सीओआय जिथे असतं त्या पेशीतल्या ऊर्जाघरात, मात्र टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, प्रथिनाचा एक घटक. त्यामुळे आमच्या सगळ्याच नमुन्यांत, अगदी चांगल्या एशिया १ मध्येही, थांब्यांची रांग दिसायची आणि आम्ही म्हणायचो, 'हे सॉफ्टवेअर असंच दाखवतं.' लांडगा आला रे आला सारखं झालं. सगळीकडे खोटे थांबे बघून बघून खरा थांबा बघायची नजरच गेली.

निवडायचा तक्ता क्रमांक ५, अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाचा. काही जण घाईत तक्ता २ निवडतात. तो पृष्ठवंशीयांचा. त्यात एजीए आणि एजीजी हे थांबे आहेत, कीटकांत ते सेरीन. तोही नको. शिवाय तुकडा जनुकाच्या मधूनच सुरू होतो, म्हणून तिन्ही चौकटी वाचून बघा. एका चौकटीत शेवटपर्यंत मोकळी वाट मिळायला हवी.

तक्ता ५ लावला आणि सगळे नमुने एकामागोमाग मोकळे झाले. का-२९ सोडून. तिच्यात मध्ये एक अक्षर गळालेलं होतं, आणि तिथून पुढे चौकट सरकून दोन थांबे आले होते. असं सीओआय घेऊन कुठलीच माशी श्वास घेऊ शकत नाही. म्हणजे जे वाचलं ते माशीचं चालू जनुक नव्हतंच.

मग काय होतं? मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे तुकडे उत्क्रांतीच्या ओघात कधीतरी पेशीच्या केंद्रकात जाऊन चिकटतात आणि तिथेच पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांना छद्मजनुकं म्हणू. सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. तलाठ्याच्या दप्तरातला उतारा चालू असतो. चूक झाली की कुणी ना कुणी बोंब मारतं आणि ती दुरुस्त होते. आजोबांच्या पेटीतल्या जुन्या नकलेवर शाई सांडली, वाळवी लागली, तरी कुणाचं काही अडत नाही, म्हणून तिच्यात चुका साठत जातात. का-२९ मध्ये आम्ही पेटीतली नक्कल वाचली होती आणि तिच्यावरून जमिनीचा नवा मालक जाहीर केला होता.

यात लाज वाटून घेण्याचं कारण नाही, कारण याहून मोठ्यांच्या बाबतीत हे झालंय. मीम-२ नावाची एक प्रजाती रियुनियन बेटावरून नोंदली गेली, मग जपान, पेरू, तुर्कस्तान, इराक इथूनही तिच्या नोंदी आल्या. पेरूमधल्या अशाच मीम-२ माशीचा संपूर्ण मायटोकाँड्रियल जीनोम वाचायला घेतला तर हाती आला मीम-१ चा. मीम-२ चा म्हणून ओळखला जाणारा क्रम त्या माशीत होता, पण तीन टक्क्यांहून कमी प्रतींत, आणि त्यात नको तिथे थांबे होते. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. कारणांत एक होतं बरोबर न चिकटणारे प्रायमर. जुना लोकप्रिय संच, सी१-जे-२१९५ आणि एल२-एन-३०१४, कीटकमात्रांसाठी बनवलेला. पांढऱ्या माशीच्या खऱ्या जनुकावर तो नीट बसला नाही तर केंद्रकातल्या नकलेची चांदी होते.

तेव्हा छद्मजनुकाचा संशय आल्यावर काय करायचं? प्रायमर बदला, पांढऱ्या माशीसाठीच बेतलेले आता उपलब्ध आहेत. अ‍ॅनिलिंगचं, म्हणजे प्रायमर चिकटण्याचं, तापमान दोन-तीन अंशांनी चढवून बघा. आरएनए काढून त्यावरून केलेला क्रम तपासा, कारण पेटीतल्या नकलेचा आरएनए सहसा बनत नाही. आणि फरक कुठे पडलेत ते मोजा. खऱ्या सीओआयमध्ये बहुतेक फरक त्रिकाच्या तिसऱ्या अक्षरावर असतात, म्हणजे प्रथिन बदलत नाही. फरक तिन्ही जागांवर सारखे विखुरले असतील तर थांबा नसला तरी संशय ठेवा. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय, कारण ताज्या नकलेत अजून थांबा आलेलाच नसतो.

नव्या प्रायमरने का-२९ साधी एशिया २-१ निघाली. बर्फी परत मागता येत नाही.

सीओआय खरं असलं तरी

सगळं बरोबर निघालं, तरी हाती आलंय ते फक्त आईकडचं. मायटोकाँड्रिया आईकडूनच येतो, त्यामुळे संकर झाला असेल तर बापाचा पत्ताच लागत नाही. मक्यावरच्या लष्करी अळीने हा धडा सगळ्यांना दिला. २०१८ च्या मे महिन्यात ती कर्नाटकात सापडली आणि पुढच्या हंगामांत विदर्भातही मका पोखरू लागली. तिचे मूळ अमेरिकेत दोन वाण मानले जातात, मक्याचा आणि भाताचा. इथल्या बऱ्याच अळ्यांचं सीओआय म्हणे भाताचा वाण, पण केंद्रकातलं टीपीआय जनुक म्हणे मक्याचा. शेतात ती मकाच खात होती. फक्त सीओआयवर भरवसा ठेवला असता तर धानाच्या शेतकऱ्यांची झोप उगाच उडवली असती.

म्हणून केंद्रकातलं निदान एक जनुक सोबत वाचा. आणि खरोखर नवी प्रजाती म्हणायची असेल तर जोड्या लावून बघा. पांढऱ्या माशीत याची एक सुंदर सोय आहे. निषेचन न झालेल्या अंड्यातून नर होतो, झालेल्यातून मादी. दोन गटांचे कुमार नर-मादी पिंजऱ्यात सोडले आणि संततीत लेकी झाल्या तर संकर झाला, नुसते नर झाले तर नाही. मग लेकींना पुढे अपत्यं होतात का तेही बघावं लागतं. वेळखाऊ आहे, पण क्रमावरच्या टक्क्यांपेक्षा मला यावर जास्त विश्वास वाटतो.

शेतकरी विचारतो तेव्हा

काटोलच्या त्या शेताचे काका एकदा म्हणाले, "ताई, माशीची जात सांगून मले काय करा लागते? फवारा कोणता मारू ते सांगा ना बाप्पा."

त्यांचं खरंय. फवारायचं की नाही हे नावावर ठरत नाही, मोजणीवर ठरतं: पानामागे सरासरी आठ-दहा प्रौढ माश्या भरल्या तर. नाव लागतं ते कोणतं औषध चालेनासं होणार आणि कोणता रोग येणार याचा अंदाज बांधायला. मेड प्रजाती निओनिकोटिनॉइड गटातल्या कीटकनाशकांना दाद न देण्यासाठी जगभर बदनाम आहे. उत्तरेत पंजाब, हरियाणा, राजस्थानात कपाशीचा पर्णगुच्छ (पानं मुरडणारा, लीफ कर्ल) विषाणू पसरवण्यात एशिया २-१ चं नाव पुढे असतं, आणि २०१५ साली पंजाबातली कपाशी माशीने कशी झोपवली ते सगळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे तो विषाणू तसा नाही. पण म्हणूनच इथे चुकून 'मेड सापडली' असा अहवाल गेला तर औषधं बदलली जातील, दुकानदार महागडं काहीतरी गळ्यात मारेल, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याला कारण फक्त कूलर असेल.

त्यामुळे अहवालात नाव लिहिताना किती माश्यांवरून, कोणत्या प्रायमरने, किती बेस वाचून, तक्ता कुठला आणि दुसऱ्यांदा केलं का, हे त्याच ओळीत लिहा. उत्तर अडलं असेल तर 'बेमिसिया टॅबॅसी समूह, प्रजाती निश्चित नाही' एवढं पुरेसं आहे. त्यात कमीपणा नाही.

आणि इतकं सगळं करूनही एखादी माशी हट्टाने वेगळीच राहिली, तर अर्काचा अर्धा भाग नाव न सांगता दुसऱ्या प्रयोगशाळेत द्या, आणि लगेच त्याच झाडावरून जिवंत माश्या आणून वांग्याच्या रोपावर वसाहत धरा. उद्यावर ढकलू नका. वेचणी संपत आली की पऱ्हाटी उपटून बांधावर रचली जाते, आणि मग ते झाड कुठलं होतं हे शेतमालकालाही सांगता येत नाही.